नट आवळा, पण पान्यावर उभे राहू नका

मंडळी, 1 जून ते 31 जुलै बंदीत बोटी वर ओढलेल्या असतात. तेव्हा आपल्यातले बरेच जण सामान घ्यायला हुबळीला जातात आणि येताना गाडीला नवे टायर, कुणी अलॉय व्हीलपण बसवून येतात. हौस आहे, करावी. पण एअर गन लावली, टर्र्र केलं, झालं. वर आपणच सांगतो, "भाऊ, अजून टाइट कर, पुढे घाट आहे." हे सांगणं आधी बंद करा.

बोटीच्या इंजिनाचं हेड बसवताना मेस्त्री बोल्ट टप्प्याटप्प्याने, ठरलेल्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळतो. घाई केली तर आपण ओरडतो. मग ज्या गाडीत घरची पोरंबाळं बसतात तिथे अंदाजपंचे का?

अलॉय म्हणजे अॅल्युमिनियम, लोखंडापेक्षा मऊ. नटाखाली माती-रंग राहिला तर थोडं चालल्यावर तो दबतो आणि नट सैल पडतो. फार आवळला तर स्टड ताणतो, आटे जातात, ब्रेकची डिस्कसुद्धा वाकू शकते. नटाचं बूडही त्या चाकाला जुळणारं हवं. निमुळतं, गोल, सपाट असे प्रकार असतात.

लहान गाड्यांना साधारण 100 न्यूटन मीटरच्या आसपास लागतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. म्हणजे अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला 20 किलोचा जोर. 70 किलोचा गडी त्यावर उभा राहिला की साडेतीनपट! असा नट रात्री पंक्चर झाल्यावर घाटात सोडवून दाखवा.

आधी सगळे नट हाताने लावायचे, मग समोरासमोरचे आवळायचे, शेवटचा जोर गाडी खाली टेकल्यावर टॉर्क पान्याने. आपल्याकडे खाऱ्या हवेने आणि बर्फाच्या पाण्याने हब गंजतो, चाक चिकटतं. म्हणून हब तारेच्या ब्रशने घासून घ्या. आट्यांना मात्र ऑइल लावू नका. बोटीवर सवय असते, पण इथे ऑइलमुळे तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो.

50 ते 100 किलोमीटरनंतर परत तपासायचं असतं. हुबळीहून निघालात की कलघटगी सोडून यल्लापूरला चहाला थांबतोच आपण. चाक निवलं की तिथेच बघा, अरबैल घाट उतरायच्या आधी.

आणि सोसायटीने एक टॉर्क पाना घ्यावा. डिझेल पंपावर ठेवा, वहीत सही करून न्यावा, आणून द्यावा. पुढच्या मीटिंगला मी हा विषय मांडणार आहे, कुणाचा विरोध असेल तर खाली लिहा.