विक्रीनंतर उघड होणाऱ्या घराच्या दोषांची जबाबदारी निश्चित करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री, गृहनिर्माण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

मार्फत : मा. विभागीय आयुक्त, अमरावती विभाग, अमरावती

विषय : ताबा घेतल्यानंतर उघड होणाऱ्या दोषांबद्दल घर विकणाऱ्याची जबाबदारी लेखी स्वरूपात निश्चित करणे आणि लहान गृहप्रकल्प रेरा नोंदणीच्या कक्षेत आणणे.

महोदय,

अमरावती आणि अकोला शहरांत व त्यांच्या वाढत्या हद्दीत घर घेतलेले आम्ही नागरिक हे निवेदन सादर करीत आहोत. आमच्यात शिक्षक आहेत, एस.टी.तून निवृत्त झालेले आहेत, मुलांच्या शिक्षणासाठी शेताचा तुकडा विकून शहरात आलेली कुटुंबे आहेत. बहुतेकांनी आयुष्यात एकदाच घर घेतले. दुसरे घेण्याची ऐपत आता उरलेली नाही.

आमच्याकडे मोठी गृहसंकुले कमी. ले-आउटमधल्या दोन-तीन प्लॉटवर चार-सहा डुप्लेक्स बांधून विकण्याची पद्धत जास्त. इसारपावती होते, कर्ज मंजूर होते, दुय्यम निबंधकांसमोर खरेदीखत होते, किल्ली हातात पडते. एक-दोन पावसाळे गेले की प्लिंथवर आडवी भेग दिसते, दारे चौकटीत अडकतात, भराव खचून कोबा पोकळ वाजू लागतो. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर ठरलेले असते : "घर पाहूनच घेतलं होतं ना तुम्ही?" खरेदीखतातही तेच छापलेले असते, की मालमत्ता प्रत्यक्ष पाहून आणि खात्री करून घेतली आहे.

पण वऱ्हाडातले घर एका ऋतूत पाहून कळत नाही, हे आम्ही मुद्दाम सांगू इच्छितो. पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. पायवा या मातीच्या थरातच थांबवला, तर घर दरवर्षी थोडे उचलले जाते आणि थोडे बसते. यावरचा उपाय नवा नाही. माती काढून मुरूम भरणे, पायवा खालच्या पक्क्या थरापर्यंत नेणे, किंवा खाली फुगीर बुंध्याचे पाइल घालणे. हे पाइल रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केले आणि त्यांचे भारतीय मानकही आहे. खर्च वाचवण्यासाठी हे टाळले जाते, आणि जमिनीखाली काय आहे हे बांधणाऱ्याशिवाय कोणालाच ठाऊक नसते.

पाण्याचेही तसेच. भातकुली-दर्यापूरकडे, तसेच अकोल्याहून अकोट-तेल्हाऱ्याकडे खारपाणपट्टा पसरला आहे. लोखंडी सळ्या असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे आयएस 456 हे मानक सांगते. खाऱ्या बोअरचे पाणी तपासणी न करता वापरले, तर आतली सळई गंजून फुगते, स्लॅबचे पापुद्रे सुटतात आणि भिंतीला लोणा लागतो. लांबी भरून रंग दिला की यातले काहीच खरेदीदाराला दिसत नाही. अशा वेळी "पाहून घेतले" या वाक्याला काय अर्थ उरतो?

कायदा मात्र खरेदीदाराला वाऱ्यावर सोडत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 च्या कलम 55 नुसार, जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे आणि खरेदीदाराला सर्वसाधारण काळजी घेऊनही सापडू शकत नाही, तो सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. न सांगणे ही फसवणूक आहे, असे त्याच कलमात म्हटले आहे. अडचण पुराव्याची आहे. विक्रेत्याने काय सांगितले आणि काय लपवले याची कुठेही नोंद होत नाही. दिवाणी न्यायालयात "त्याला माहीत होते" हे सिद्ध करता करता वर्षे जातात.

रेरा कायदा 2016 च्या कलम 14(3) ने यावर चांगली तोड काढली आहे. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिल्यास प्रवर्तकाने 30 दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई द्यायची. त्याला दोष माहीत होता की नाही, हा प्रश्नच येत नाही. पण कलम 3 प्रमाणे जमीन 500 चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर प्रकल्पाची नोंदणी लागत नाही. आमची चार-सहा डुप्लेक्स नेमकी या सवलतीत बसतात. ज्या घरांना संरक्षणाची सर्वाधिक गरज आहे, तीच नोंदणीबाहेर राहतात आणि त्यांच्या मालकांना महारेराचा दरवाजा गाठणे कठीण होते. याच कलमात राज्य शासनाला ही मर्यादा कमी करण्याचा अधिकार दिलेला आहे. त्यासाठी संसदेकडे जाण्याची गरज नाही.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी अशी : महाराष्ट्र शासनाने हा अधिकार वापरून, विक्रीसाठी बांधलेल्या दोन किंवा अधिक घरांच्या प्रत्येक प्रकल्पाला नोंदणी बंधनकारक करावी. लहान बांधकाम व्यावसायिकांवर कागदपत्रांचा भार पडेल, हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी अर्ज सोपा करावा, शुल्क कमी ठेवावे. पाच वर्षांची जबाबदारी मात्र कमी करू नये.

दुसरी मागणी जुन्या घरांच्या विक्रीबाबत आहे. वीस वर्षे राहून घर विकणाऱ्या सामान्य मालकाने पुढची पाच वर्षे दुरुस्ती करून द्यावी, असे आम्ही म्हणत नाही; ते अन्यायाचे होईल. त्याने जे माहीत आहे ते लिहून द्यावे, एवढेच हवे. गळती व भेगांची दुरुस्ती कधी झाली, वाळवी होती का, बोअरचे पाणी उन्हाळ्यात टिकते का, मोर्णा नदी किंवा अंबा नाल्याचे पाणी कधी घरात शिरले होते का, मंजूर नकाशापेक्षा जास्त बांधकाम आहे का, गुंठेवारीचे नियमितीकरण झाले आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का. असे एक-दोन पानांचे मराठीतले प्रकटनपत्र विक्रेत्याच्या सहीने प्रत्येक खरेदीखताला जोडणे सक्तीचे व्हावे. यासाठी महसूल विभाग व नोंदणी महानिरीक्षक, पुणे यांच्याशी आपण समन्वय साधावा. प्रामाणिक विक्रेत्यालाही याचा उपयोग आहे, कारण सांगितलेल्या दोषाबद्दल त्याला नंतर कोणी जाब विचारू शकणार नाही.

तिसरी मागणी तपासणीची. मोफा 1963 च्या कलम 7 मध्ये, ताब्यापासून तीन वर्षांच्या आतील दोषांच्या वादावर म्हाडा मंडळातील अधीक्षक अभियंता दर्जाच्या अधिकाऱ्याने निर्णय देण्याची तरतूद आहे. म्हाडाचे मंडळ अमरावतीत आहे. तिथे या कामासाठी कोणता अधिकारी नेमला आहे, त्याच्याकडे अर्ज कसा करायचा आणि शुल्क किती, हे दोन्ही महापालिकांच्या व दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांत फलकावर लावावे. माती आणि पाण्याच्या तपासणीसाठी अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय व अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांची मदत घ्यावी.

महारेराच्या सुनावण्या महिन्यातून एकदा अमरावतीत व्हाव्यात, आणि भरपाईचे वसुली आदेश जिल्हाधिकारी कार्यालयांनी मुदतीत बजावावेत, अशीही विनंती आहे.

30 ऑक्टोबर 2022 रोजी अमरावतीच्या प्रभात चौकात जीर्ण इमारत कोसळून पाच जणांचा जीव गेला. ते प्रकरण विक्रीचे नव्हते. पण भिंतीतला दोष वेळीच कागदावर आला नाही तर काय होते, ते या शहराने पाहिले आहे.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आपण आमच्या शिष्टमंडळाला अर्ध्या तासाची वेळ द्यावी. खरेदीखते, छायाचित्रे व दुरुस्तीची बिले घेऊन आम्ही हजर राहू. त्याआधी पहिल्या मागणीवरील विभागाचा अभिप्राय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
अमरावती व अकोला येथील घरखरेदीदार नागरिक
(स्वाक्षऱ्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव :
मा. अध्यक्ष, महारेरा, मुंबई
मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, पुणे
मा. जिल्हाधिकारी, अमरावती / अकोला
मा. आयुक्त, महानगरपालिका, अमरावती / अकोला