आखाजीला ठरवा शेतरस्त्याची वर्गणी

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात दोन कामांची एकदमच धांदल उडते. एकीकडे मृगबागेची लागवड, दुसरीकडे वावरात रुतलेली वाहने बाहेर काढणे. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी लागले की फुगून लोण्यासारखी मऊ होते. ट्रॉली रुतते, ती ओढायला दुसरा ट्रॅक्टर येतो, आणि दोघांच्या चाकांनी रस्ता आणखी खोल जातो. माल भरायची गाडी बांधापर्यंत येईनाशी होते. मग कापलेले घड मजुरांनी डोक्या-खांद्यावरून चिखल तुडवत पक्क्या रस्त्यापर्यंत न्यायचे. मजुरी वाढते, साल खरचटते, डाग पडलेल्या मालाचा भाव पडतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वर्षभर ठिबक, खते, रोपे यांवर पैसा ओतून वाढवलेला तो माल शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर किंमत गमावतो.

धुळ्याकडे पीक बदलते, गाऱ्हाणे तेच राहते. शिंदखेड्यात कापूस, साक्रीत कांदा. रात्री-अपरात्री शेतात कोणाला साप चावला तर त्याला आधी खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, वाहन त्यानंतर. शेतरस्ता हा खान्देशात नुसत्या सोयीचा विषय कधीच नव्हता.

हे रस्ते नवीन मागायचे नाहीत, ते आहेतच. गावनकाशा उघडला की तुटक दुहेरी रेषेने दाखवलेले गाडीमार्ग दिसतात. त्यांची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. तुटक एकेरी रेषा असली तर ती पायवाट, सव्वाआठ फुटांची. प्रत्यक्ष शिवारात गेले तर एकवीस फुटांच्या जागी कुठे आठ फूट उरलेले, कुठे नुसता बांध. रस्ता कोणी एका रात्रीत गिळलेला नाही. दरवर्षी नांगराचे एक तास पुढे सरकले, बांध कोरला गेला, बाभळी आल्या. यामागे जमिनीची वाटणीही आहे. कृषी गणनेनुसार १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. एका गटाचे चार तुकडे झाले तेव्हा भावाभावांनी विहीर वाटली, झाडे वाटली. मागच्या तुकड्याला जायला वाट कुठून, हे बहुतेक वाटणीपत्रांत लिहिलेच गेले नाही. आजोबांच्या एका रस्त्यावर आता नातवंडांच्या चार ट्रॅक्टरांचा भार आहे, आणि रस्ता तेवढाच राहिला असता तरीही तो अपुरा पडला असता.

कायदा शेतकऱ्याच्या बाजूने आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट देण्याचा निर्णय तहसीलदार करतो. असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. मे २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांत व्हावी, असा निर्णय काढला. हे चांगलेच झाले. पारनेर भागातून उभी राहिलेली शिव पाणंद शेतरस्ता चळवळ आणि लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात झालेली शेतरस्त्यांची कामे यांनी हा विषय मंत्रालयापर्यंत नेला, त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

योजनाही आल्या. २०१८ ची पालकमंत्री शेत-पाणंद रस्ते योजना, मग नोव्हेंबर २०२१ ची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना. दुसरीत रोजगार हमीचा आणि राज्याचा निधी एकत्र करून एक किलोमीटरच्या खडीकरणासाठी सुमारे चोवीस लाखांचा अंदाज धरला होता. मनरेगात मजुरी आणि साहित्याचे साठास चाळीस हे प्रमाण सांभाळावे लागे. शेतरस्त्याला मुरूम, खडी, रोलर जास्त आणि हातकाम कमी, म्हणून कामे मंजूर होऊनही त्या हिशेबात अडकली. हे सगळे मान्य करूनही मूळ उणीव वेगळीच आहे. प्रत्येक योजना रस्ता करण्याचे पैसे देते. केलेला रस्ता राखण्याचे कोणाकडेच नाहीत. काळ्या जमिनीवर टाकलेला मुरूम कडेची चारी बुजली की एक-दोन पावसाळ्यांत खाली जातो. उद्घाटनाचा फलक तेवढा उभा राहतो. फलक नको, चारी हवी. आणि चारी साफ ठेवायला मंत्रालयातून माणूस येणार नाही. ते काम गावच्या वर्गणीने आणि गावच्या हातांनीच होईल, हे खान्देशाने स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे.

खान्देशाला हे शिकवण्याची गरज नाही. पांझरेच्या काठी साक्री आणि धुळे तालुक्यांत फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि एका फडात एकच पीक. पाणी कोणाला कधी मिळणार हे पंच ठरवत, पाटकरी ते सोडत, जागल्या पिकावर नजर ठेवत असे. या सेवकांचा मेहनताना लाभधारक आपसांत उभा करत. हंगाम सुरू होण्याआधी पाटातला गाळ काढायला लाभधारकांनी उभे राहायचे, हा रिवाज होता. राज्ये आली-गेली, इंग्रज आले-गेले, तरी पाट वाहता राहिला, कारण त्याची निगा हे एका खात्याचे काम नव्हते. जमीन जेवढी, पाणी जेवढे, तेवढा खर्चातला वाटा. शेतरस्त्याला याहून चांगला नमुना शोधायला बाहेर कुठे जायला नको. पाण्याच्या पाटाला जो नियम लागू होता तो चाकांच्या वाटेला का लागू होऊ नये?

निधी आणि स्वयंसेवक उभे करण्याची याहून मोठी कसोटीही या मातीने दिली आहे. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी यावल तालुक्यातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी जिल्हा पिंजून काढला. मोकळ्या शिवारात टिळकनगर उभे राहिले, ते स्थानिक बांबू, चटया आणि गावकऱ्यांच्या श्रमावर. सजावट शांतिनिकेतनाहून आलेल्या नंदलाल बोस यांची. ज्या तालुक्याने तेव्हा देशभरच्या पाहुण्यांसाठी एक नगर उभारले, त्या तालुक्यात आज केळी बाहेर काढायला अर्धा किलोमीटर वाट धड नसावी, हे दुःखद आहे.

जुने दाखले पुरेसे वाटत नसतील त्यांनी साक्री तालुक्यातले बारीपाडा पाहावे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने या आदिवासी पाड्याने १९९० च्या दशकापासून सुमारे अकराशे एकर जंगल राखले. कुऱ्हाडबंदी केली, नियम मोडणाऱ्याला दंड लावला, राखणीची व्यवस्था गावानेच लावली. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. बारीपाड्याचे वेगळेपण झाडे लावण्यात नाही, झाडे लावणारी गावे पुष्कळ आहेत. लावल्यानंतर पंचवीस-तीस वर्षे नियम न मोडता पाळले, हे दुर्मीळ. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत अमळनेर, पारोळा, शिंदखेडा या तालुक्यांतील गावांनीही भर उन्हात फावडी हाती घेतली होती. स्पर्धा संपली तशी अनेक ठिकाणची फावडी घरी गेली. राखणीला स्पर्धा चालत नाही, तिला दरवर्षीची ठरलेली तारीख लागते.

परदेशातले एक उदाहरण इथे उपयोगी आहे, जरी तिथली गरज अगदी निराळी असली तरी. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात रुबिकॉन ट्रेल नावाची सुमारे ३५ किलोमीटरची खडकाळ वाट आहे. जीपगाड्यांच्या हौशी चालकांची ती पंढरीच. चाकांनी माती सुटते, ती ओढ्यात जाते, तेल सांडते, घाण होते, म्हणून २००९ मध्ये तिथल्या जलगुणवत्ता मंडळाने काउंटी प्रशासनावर आणि वनखात्यावर सुधारणा करण्याचा आदेश बजावला. वाट बंद होण्याची टांगती तलवार होती. हौशी चालकांनी नुसती निवेदने दिली नाहीत. २००१ पासून स्वयंसेवकांचा गट आणि २००४ पासून निधी उभारणारी संस्था त्यांनी चालवलीच होती. पाणी वळवणारे चर काढणे, कचरा उचलणे, देणग्या गोळा करणे ही कामे त्यांनी अंगावर घेतली, काउंटीला सोबत दिली, आणि वाट खुली राहिली. हौसेसाठी माणसे एवढे करतात. खान्देशातल्या वाटेवर तर घरचा घास अवलंबून आहे.

आता व्यवहाराचे बोलू. वर्गणी घरटी नको, एकरी हवी. रस्त्याचा फायदा जमिनीच्या आकाराने मिळतो. दोन एकरवाल्याने वीस एकरवाल्याइतकेच द्यायचे असा नियम केला तर तो पहिल्याच वर्षी मोडेल आणि मोडायलाच हवा. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. श्रमदान म्हटले की प्रत्यक्षात भूमिहीन मजुरांना बोलावण्याची वाईट सवय अनेक गावांना आहे. ज्याची त्या शिवारात जमीन नाही, त्याच्याकडून फुकट काम घेणे हे श्रमदान नव्हे, ती वेठ आहे. मजूर आला तर त्याला रोज मिळाला पाहिजे आणि तो वर्गणीतून मिळाला पाहिजे. जमीनवाल्याने स्वतः यावे, नाहीतर पैसे भरावे. पुण्या-सुरतेला नोकरी करणाऱ्या आणि गावची जमीन ठोक्याने दिलेल्या मुलांकडूनही त्यांचा वाटा मागावा. आज मोबाइलवरून पैसे पाठवायला क्षणाचाही उशीर लागत नाही, त्यामुळे दूर असल्याची सबब उरत नाही.

पैसा लागतो तो कशाला? जेसीबीचे तास, डिझेल, मुरमाच्या खेपा, ओघळावर टाकायचे सिमेंटचे पाइप. काम फार अवघड नसते, पण क्रमाने करावे लागते. आधी तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द मोजून दगड रोवायचे. मग दोन्ही बाजूंनी चारी, चारीतली माती मध्यावर टाकून रस्त्याला उंची, दोन्ही कडांना उतार, त्यावर मुरूम आणि दबाई. मध्ये उंचवटा आणि कडेला वाहती चारी एवढे सांभाळले तर साधा मुरमाचा रस्ताही पावसाळा काढतो. ते नसेल तर खडीकरणही टिकत नाही. दरवर्षी मे महिन्यात चारी उपसणे आणि वर्षातून एकदा खड्ड्यांत मुरूम भरणे, एवढीच पुढची निगा.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: रस्ते ही सरकारची जबाबदारी, शेतकऱ्याने आणखी किती द्यायचे? आक्षेपात तथ्य आहे. अतिक्रमण काढणे, मोजणी करणे, खडीकरणाचा मोठा खर्च उचलणे हे सरकारनेच करायचे आहे आणि वर्गणी त्याला पर्याय म्हणून वापरली जाऊ नये. उलट सरकारने असा नियम करावा की ज्या शेतरस्त्याची गावाकडे राखण समिती आणि बँकेत स्वतंत्र खाते आहे, त्याला निधीत आधी जागा, आणि गावाने जमा केलेल्या रकमेइतकी भर दरवर्षी देखभालीसाठी. दुसरा अडसर गावातलाच आहे. ज्यांची वावरे डांबरी रस्त्याला लागून आहेत ते निवांत असतात, मागच्यांना वाट द्यायला तेच आडवे येतात. विधवा बाई किंवा एक-दोन एकरांचा धनी तहसीलच्या पायऱ्या किती वेळा चढणार? अशा वेळी एकट्याचा अर्ज आणि तीस खातेदारांचा समितीमार्फत केलेला अर्ज यांत फार अंतर पडते.

सातपुड्यातल्या पाड्यांसाठी वाट वेगळी आहे. यावल अभयारण्याच्या आणि अनेर परिसराच्या आसपास जमीन वनखात्याची, म्हणून सगळे अडते असे मानले जाते. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन रस्त्यासारख्या सुविधेसाठी देण्याची तरतूद आहे; हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे तुटता कामा नयेत, ही अट. पाड्यांनी ती तरतूद वापरावी. आणि जळगाव-धुळ्याहून चार चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या घेऊन पाल, मनुदेवीकडे जाणाऱ्या तरुणांना एक विनंती: ओढ्यात आणि जंगलात गाडी घालू नका, अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणे गुन्हा आहे. गाडीची ताकद दाखवायची असेल तर मे महिन्यातला एक रविवार एखाद्या पाड्याच्या वाटेवर दगड वाहायला द्या.

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे नवे साल ठरते, माहेरवाशिणी येतात, बाहेरगावची मुले घरी असतात, वावरे रिकामी असतात. शेतरस्त्याची वर्गणी ठरवायला याहून योग्य दिवस नाही. आखाजीला रक्कम ठरवा, १ मेच्या किंवा आखाजीनंतरच्या ग्रामसभेत गावनकाशा मांडून समितीचा ठराव करा, आणि मृग लागण्याआधी निदान एका रस्त्याच्या चाऱ्या उपसून घ्या.