निवेदन : नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या आर्थिक साहाय्याची उत्पन्न-अट न्याय्य करण्याबाबत

प्रति,
मा. मंत्री, शालेय शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
(मा. जिल्हाधिकारी यांच्यामार्फत)

महोदय,

आम्ही बालाघाटाच्या डोंगररांगांतील एका तालुक्यातले पालक, माध्यमिक शाळांचे शिक्षक आणि कनिष्ठ महाविद्यालयांत शिकवणारे काही अध्यापक. दहावीनंतर आमच्या गावांतली जी मुले शिक्षण सोडतात, ती बहुतेक पास झालेली असतात. गावात दहावीपर्यंत शाळा आहे, अकरावी तालुक्याला आहे. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो, मुलांना सवलतीच्या पासात एकतृतीयांश भाडे भरावे लागते. तेवढ्यावर शिक्षण अडत नाही. ते अडते सोळाव्या वर्षी मूल कमावते होते म्हणून. मुलगा दिवाळीनंतर बापाबरोबर ऊसतोडीच्या फडात उभा राहू शकतो. मुलीच्या बाबतीत घरातली बोलणी लग्नापर्यंत जातात, कारण ऊसतोडीत कोयता नवरा-बायकोच्या जोडीने चालतो. शिक्षणहक्क कायद्याचे छत्र चौदाव्या वर्षी संपते आणि घरची ओढ नेमकी त्यानंतर वाढते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मात्र २०३० पर्यंत माध्यमिक स्तरापर्यंत १०० टक्के मुले शिक्षणात असावीत, असे लिहिले आहे.

या वयासाठी शासनाच्या योजना आहेत आणि त्यांचा लाभ आमच्या मुलांना झालाही आहे. त्यांतली सर्वांत उपयोगी म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती, आमच्या बोलण्यात ‘एनएमएमएस’. आठवीत परीक्षा, निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. महाराष्ट्राचा वार्षिक कोटा ११,६८२ आहे. राज्यात दरवर्षी दहावीला पंधरा लाखांहून अधिक मुले बसतात, म्हणजे हजारी सात-आठ मुलांना हा आधार मिळतो. २००८ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा रक्कम महिना ५०० रुपये होती, २०१७ पासून ती १,००० आहे. उत्पन्नाची मर्यादा दीड लाखांवरून साडेतीन लाखांवर नेण्यात आली, रक्कम मात्र तिथेच थांबली.

उत्पन्नाची अट असूच नये, असे आमचे म्हणणे नाही. सह्या करणाऱ्यांपैकी काहींचे तसे मत आहे. पश्चिम बंगालने २०१३ मध्ये सुरू केलेल्या मुलींसाठीच्या कन्याश्री योजनेतली उत्पन्न-अट पुढे काढून टाकली, याकडे ते बोट दाखवतात. बाकीच्यांना वाटते, की पैसा मोजका असेल तर तो गरजवंतापर्यंत आधी जावा. यावर आमची बैठक बरीच लांबली. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचे एकमत झाले : ही अट ज्या कागदावर तपासली जाते, तो उत्पन्नाचा दाखला गरिबी मोजत नाही.

पगारदाराचे उत्पन्न पगारपत्रकावर छापलेले असते. कारखान्यातला कायम कामगार, एसटीचा वाहक, बँकेतला शिपाई यांचा आकडा लपत नाही. तो मर्यादेच्या वर पाच हजारांनी गेला तरी मूल बाहेर पडते. त्याच गल्लीत आडतीचे दुकान चालवणाऱ्याला मात्र दाखला कितीचा हवा हे ठरवूनच सेवा केंद्रात जाता येते. गावात हे सर्वांना ठाऊक आहे. निवेदनात लिहिताना संकोच होतो, पण हे लिहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही. शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा अंदाज सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावरून लावला जातो, सोयाबीन पावसात गेले म्हणून दाखल्यातला आकडा खाली येत नाही. ऊसतोडीच्या कुटुंबाचा प्रश्न त्याहून अवघड. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल हे कर्ज असते, न फिटल्यास पुढच्या हंगामावर चढते. तिला उत्पन्न धरायचे की नाही, यावर आमच्याकडे दर जूनमध्ये वाद होतो आणि उत्तर त्या त्या माणसावर अवलंबून असते.

म्हणून आमची पहिली मागणी दाखल्याबद्दलच आहे. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २०२४ मध्ये शासनाने पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट दिली. आईला जी सूट दिली, तीच तिच्या शिकणाऱ्या मुलांना नववी ते बारावीच्या सर्व साहाय्यासाठी द्यावी. शिधापत्रिकाही निर्दोष नाही, हे आम्ही जाणतो. पण ती घरात आधीपासून असते आणि तिच्यासाठी रोज बुडवून तालुक्याला खेटे घालावे लागत नाहीत. ज्यांना दाखला लागेलच, त्यांच्यासाठी शेती व हंगामी मजुरीचे उत्पन्न तीन वर्षांच्या सरासरीने धरावे आणि उचल उत्पन्नात धरू नये, असे लेखी आदेश महसूल विभागाशी बोलून काढावेत.

दुसरी मागणी मर्यादेच्या रेषेबद्दल. आज साडेतीन लाखांच्या आत पूर्ण रक्कम आणि त्यापुढे शून्य, असा उभा कडा आहे. शिवाय कुटुंबात शिकणारे मूल एक असो की चार, रेषा तीच. इंग्लंडमध्ये २००४ पासून २०११ पर्यंत सोळा वर्षांपुढच्या विद्यार्थ्यांना शिक्षण टिकवण्यासाठी साप्ताहिक भत्ता दिला जात होता. त्यात उत्पन्नाप्रमाणे आठवड्याला ३०, २० आणि १० पौंड अशा तीन पायऱ्या होत्या. इंग्लंडने तो बंद केला, वेल्सने चालू ठेवला. तिथली परिस्थिती आणि आपली वेगळी आहे, पण पायऱ्यांची कल्पना आपल्याकडेही चालण्यासारखी आहे. साडेतीन लाखांपर्यंत पूर्ण आणि पाच लाखांपर्यंत अर्धी रक्कम ठेवावी, आणि दुसऱ्या शिकणाऱ्या मुलापासून मर्यादा वाढवावी. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींच्या शुल्कमाफीसाठी शासनाने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांची मर्यादा ठेवली. त्या निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो. पण अभियांत्रिकीपर्यंत पोहोचायला मुलीला आधी अकरावी-बारावी पार करावी लागते, आणि तिथे रेषा निम्म्याहून खाली आहे.

तिसरी मागणी गुणांच्या अटीबद्दल. एनएमएमएसची रक्कम अकरावीत चालू राहण्यासाठी दहावीला ६० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५५. सुगी आणि फड सांभाळून अभ्यास करणारे मूल ५८ टक्क्यांवर थांबले, तर अकरावीच्या प्रवेशाच्या तोंडावर त्याचा आधार जातो. ज्याच्या घरी शिकवणीची फी भरता येते, त्याला ही अट जाणवतही नाही. आठवीत परीक्षा देऊन त्याने पात्रता सिद्ध केलेली असते. पुढे हजेरी हीच अट असावी. मूल वर्गात बसते आहे की नाही, शासनाला खरे तर हेच विकत घ्यायचे आहे.

चौथी मागणी आमच्या दृष्टीने सर्वांत तातडीची. एनएमएमएस शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांसाठी आहे. ग्रामीण भागात मात्र विज्ञान शाखेच्या कितीतरी तुकड्या विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित आहेत. पुष्कळदा एकाच इमारतीत कला शाखेची तुकडी अनुदानित आणि विज्ञानाची विनाअनुदानित असते. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. मुलाला कॉलेज मिळते, पण आपली तुकडी कोणत्या प्रकारची हे त्याला शिष्यवृत्तीचे नूतनीकरण अडल्यावर कळते. अनुदान न देण्याचा निर्णय शासनाचा, शुल्क भरणारे मूल, आणि शिष्यवृत्तीही त्याचीच थांबते. योजना केंद्राची असल्याने नियम बदलण्याची शिफारस केंद्राकडे करावी, आणि तो बदलेपर्यंत अशा विद्यार्थ्यांची रक्कम राज्याने स्वतःच्या निधीतून द्यावी. दहावीनंतर आयटीआय किंवा तंत्रनिकेतनात गेलेल्यांनाही तोच न्याय लावावा. ज्या घराला लवकर कमाईची निकड असते, त्या घरातले मूल बहुधा तिकडेच जाते.

रकमेविषयी एकच हिशेब मांडतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अकरावी-बारावीत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून मिळणारा वार्षिक शैक्षणिक भत्ता २०२१ च्या केंद्रीय सूत्राप्रमाणे घरी राहून शिकणाऱ्यास २,५०० रुपये आहे, तोही कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. वर्षभर कामावर न जाता शिकावे म्हणून दिलेला भत्ता आठ दिवसांच्या मजुरीइतका झाला. एनएमएमएसचे १२,००० रुपये अडतीस दिवसांचे होतात. या दोन्ही रकमा दरवर्षी महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढाव्यात, आणि राज्याने तोवर अकरावी-बारावीसाठी पूरक रक्कम द्यावी.

काही बाबी किरकोळ वाटतील, पण त्यांच्यापायी मुले गळतात. रक्कम वर्षातून एकदा, आमच्या अनुभवाप्रमाणे वर्ष सरत आल्यावर खात्यात पडते. पास, वह्या आणि गणवेशाचा खर्च जूनमध्येच असतो. ती निदान दोन हप्त्यांत मिळावी, पहिला हप्ता ऑगस्टपूर्वी. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी बापाच्या मोबाइलवर जातो आणि बाप त्या वेळी कर्नाटकातल्या फडात असतो. त्यामुळे स्थलांतरित कुटुंबांसाठी मुख्याध्यापकांच्या खात्रीवर नूतनीकरण व्हावे आणि त्याची मुदत कुटुंबे गाव सोडण्यापूर्वीची असावी.

या मागण्यांवर शालेय शिक्षण, महसूल, सामाजिक न्याय आणि इतर मागास बहुजन कल्याण या विभागांची संयुक्त बैठक बोलवावी आणि तीत पालकांच्या वतीने आम्हाला म्हणणे मांडू द्यावे, ही विनंती. येत्या अकरावी प्रवेशाची पहिली फेरी जाहीर होण्याआधी पहिल्या आणि चौथ्या मागणीवर निर्णय झाला, तर या वर्षी दहावीला बसलेल्या मुलांना त्याचा उपयोग होईल.

आपले,
तालुक्यातील पालक, शिक्षक व अध्यापक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
मा. आयुक्त (शिक्षण), पुणे
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद
मा. तहसीलदार