जुनी कॉटेज, मागचं अॅनेक्स आणि आपलं गणित



घरून काम करायची सोय झाल्यापासून आपल्यातल्या बऱ्याच जणांची नजर लंडनबाहेरच्या खेड्यांकडे वळली आहे. दोनशे वर्षांची दगडी कॉटेज, तबेल्याचं केलेलं अॅनेक्स, "आई-बाबा आले की तिथे राहतील"... जाहिरात वाचूनच मन विरघळतं. पण आधी हिशोब मांडू या (फक्त इंग्लंडपुरता).

१) स्टॅम्प ड्युटी: एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ६ लाख पौंडांच्या घरावर २० हजार पौंड पडतात. अॅनेक्समुळे मिळणारी 'मल्टिपल ड्वेलिंग्ज' सवलत १ जून २०२४ पासून बंद झाली. आपल्या लोकांना खरी ठेच लागते ती दुसरीकडेच. जादा ५ टक्के लावताना जगभरातली घरं मोजतात. पुण्यातला तुमच्या नावावरचा फ्लॅट ४० हजार पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल आणि राहतं घर विकून तुम्ही नवं घेत नसाल, तर आणखी ३० हजार पौंड काढून ठेवा.

२) 'लिस्टेड' घर: १९९० च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय अशा घरात बदल करणं हा फौजदारी गुन्हा आहे. आधीच्या मालकाने तबेला परवानगीविना बदलला असेल, तरी तो पूर्ववत करण्याची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते, आणि त्याला कालमर्यादा नाही. म्हणून अॅनेक्सचे कागद सॉलिसिटरकडून वेगळे तपासून घ्या. ते स्वतंत्र भाड्याने देता येणार नाही अशी अटही त्यात असू शकते. मंजूर बदलांवरची व्हॅटमाफी २०१२ मध्येच गेली.

३) आई-बाबा: ६५ वर्षांवरचे अवलंबून असलेले पालक अॅनेक्समध्ये कायम राहत असतील, तर त्याला कौन्सिल टॅक्स माफ आहे. पण व्हिजिटर व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिनेच राहता येतं, आणि २०१२ पासून पालकांना कायमचं आणण्याचे नियम इतके कडक आहेत की फार थोड्यांना ते जमतं. म्हणजे कौन्सिल खोली मान्य करते, पण त्या खोलीत राहायला माणसांना परवानगी मिळत नाही!

तात्पर्य, घर आवडलं तर जरूर घ्या. पण अॅनेक्सची किंमत ऑफिस किंवा पाहुण्यांची खोली म्हणूनच धरा. आई-बाबांच्या भरवशावर जादा कर्ज काढू नका. आधी व्हिसाचा सल्ला घ्या, मग घराची ऑफर द्या.