गाण्यात जपलेलं गुपित

‘‘एवढं काय ते चव्हाट्यावर मांडायचं?’’ मनातलं बोलणाऱ्या बाईला हे कधी ना कधी ऐकावंच लागतं. कॅनडाच्या जोनी मिचेललाही ते ऐकावं लागलं.

जोनी स्वतः गाणी लिहायची, चाली लावायची, गायची. जन्म १९४३चा. नवव्या वर्षी पोलिओ झाला आणि डाव्या हातातली ताकद कमी झाली. गिटार नेहमीच्या पद्धतीने वाजवणं जड जायचं. मग तिने ताराच आपल्या हाताला झेपतील अशा वेगळ्या सुरांत लावल्या. तीच पुढे तिची ओळख ठरली!

१९६५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तिला मुलगी झाली. बाळंतपणाच्या वेळी लग्न झालेलं नव्हतं, पैसा नव्हता, आई-वडिलांना सांगायची हिंमत नव्हती. शेवटी मुलीला दत्तक द्यावं लागलं. हे दुःख तिने जगापुढे बोलून दाखवलं नाही. त्याचं गाणं केलं, ‘लिटल ग्रीन’.

१९६८च्या पहिल्या अल्बममध्ये शहरं आणि भेटलेली माणसं बरीच होती. १९७१च्या ‘ब्लू’मध्ये मात्र ती स्वतःच गाण्यात येऊन उभी राहिली. प्रेम, चुका, एकटेपण, सगळं घेऊन. साथीला मोजकीच वाद्यं. ते ऐकून गायक क्रिस क्रिस्टॉफरसन यांनी तिला सुचवलं, की स्वतःसाठीही थोडं राखून ठेव.

पण तिने राखलं होतंच की! ‘लिटल ग्रीन’ याच अल्बममध्ये होतं. तरी ते कुणासाठी आहे, हे बहुतेकांना वर्षानुवर्षं कळलं नाही. १९९३ मध्ये गुपित बाहेर आलं आणि १९९७ मध्ये मायलेकी भेटल्या.

आपलं दुःख गाणारीला ‘रडगाणं गाते’ म्हणणं सोपं असतं. पण रडगाण्यात दोष नेहमी दुसऱ्याचा असतो. जोनीने स्वतःलाही सोडलं नाही, आणि लेकीचं नावही उघड केलं नाही. काय सांगायचं, किती सांगायचं, हे तिचं तिने ठरवलं. तिची खरी वाढ मला यातच दिसते.

म्हणून मैत्रिणींनो, घरातली लेक वहीत काही लिहीत बसली असेल, तर ‘कसली थेरं’ म्हणू नका. वही चोरून वाचूही नका. तिला वाटेल तेव्हा ती वाचून दाखवेल. तेव्हा फक्त हातातलं काम बाजूला ठेवा आणि ऐका.