थोडा प्राणवायू असू द्यावा

नत्रवायूचा आणि माझा संबंध आजवर श्वासापुरताच होता. हवेत तो शेकडा 78 भाग असतो. नाकात जातो आणि काहीही न करता तसाच बाहेर येतो. मागच्या बाकांवर माझ्या व्याख्यानाचे जे होते, तेच!

गेल्या खंडेनवमीला मात्र त्याची नीट ओळख झाली. माझा एक जुना विद्यार्थी भोसरीला सर्किट बोर्ड जुळवण्याचा लहानसा कारखाना चालवतो. "सर, यंत्रांची पूजा आहे, या," म्हणाला. गेलो. झेंडूच्या माळा घातलेली एक लांबलचक भट्टी होती. बोर्डावर डाखाचा लगदा लावायचा, त्यावर तांदळाच्या कणीहून बारीक भाग मांडायचे आणि पट्ट्यावरून बोर्ड भट्टीत सोडायचा. पलीकडून तो डाख बसून बाहेर येतो.

"आणि हे नळकांडे कसले?"

"नत्रवायूचे, सर. आतला प्राणवायू हाकलायला."

मला नवल वाटले. ज्याच्यावर आपण जगतो, तो इथे नकोसा! त्याने समजावले. तापलेल्या कथलावर आणि तांब्यावर प्राणवायू लगेच पापुद्रा धरतो. पापुद्रा आला की डाख पसरत नाही, गोळा होऊन बसतो. मला आमच्या आळीतला कल्हईवाला आठवला. तापल्या पातेल्यात तो नवसागर टाकी, पांढरा धूर उठे आणि मग कथील सरसर पसरे. "तेच काम लगद्यातले फ्लक्स करते, सर. पण पूर्वी डाखात शिसे असे, तो 183 अंशांवर वितळे. युरोपात 1 जुलै 2006 पासून अशा मालातल्या शिशावर निर्बंध आले. आता कथील, चांदी, तांबे. हा डाख 217 अंशांच्या पुढे वितळतो. आच वाढली, तसा पापुद्राही वाढला. म्हणून नत्रवायूची जोड."

हवेच्या दहा लाख भागांत प्राणवायूचे सुमारे 2,10,000 भाग असतात. भट्टीत ते हजारापर्यंत किंवा त्याहूनही खाली आणतात. तिथला आकडा दाखवायला यंत्र असते. भिंतीवर आणखी एक यंत्र होते, ते माणसांसाठी. नत्रवायूला वास नाही. तो बंद खोलीत साठला तर माणूस गुदमरतो आणि त्याला कळतही नाही. म्हणून खोलीतला प्राणवायू शेकडा 19.5 च्या खाली गेला की ते यंत्र ओरडते.

"मग भट्टीतला पार शून्यावरच का नेत नाही?" मी विचारले.

तो हसला. "नेऊन पाहिला, सर. पन्नासावर आणला. सांधे आरशासारखे चमकले, पण बारीक भाग एका टोकावर उभे राहिले! थडगी म्हणतात त्यांना. डाख इतका झटकन पसरतो की एक टोक आधी धरले जाते, ते ओढते आणि दुसरे वर उचलले जाते. सगळा माल परत आला. दोन महिने पगारासाठी बायकोचे डाग गहाण होते. शेवटी प्राणवायू पुन्हा हजारापर्यंत वाढवला आणि दोन्ही टोके एकदम वितळावीत म्हणून आच जरा सावकाश चढवली. तेव्हा कुठे भाग जागी बसले."

डाग म्हणजे दागिना, डाग म्हणजे कलंक, आणि फुटक्या भांड्याला देतात तोही डागच. एरवी या शब्दावर मी अर्धा तास बोललो असतो. त्या दिवशी गप्प बसलो.

निघताना सहज विचारले, "हल्ली काही लिहितोस का? निबंध बरे असायचे तुझे."

"नाही, सर. एकदा तुम्ही माझी वही तपासून दिलीत. लाल पेन्सिलीखाली माझे अक्षर दिसेना. तेव्हापासून राहिलेच." तो हसतच म्हणाला. मला हसता आले नाही.

रात्री वह्यांचा गठ्ठा काढला. जुन्नरकडच्या एका मुलीने लिहिले होते, 'आजी वावरात गेली ती आलीच नाही.' 'वावर' खोडून 'शेत' करायला पेन्सिल टेकवली होती, ती उचलली. पुढच्या ओळीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक मात्र सुधारली. पापुद्रा तो पापुद्राच!

समासात मात्र लिहिले, 'आजीविषयी आणखी लिही.'