आधी विचार, मग पाना!

आमच्या लॅबमधलं डिझेल इंजिन मी आजवर कधी बिघडलेलं पाहिलं नाही. हँडल मारलं की सुरू. रोप ब्रेकवर वजन टाकायचं, रीडिंग घ्यायचं (किंवा सीनियरच्या जर्नलमधून उतरवायचं, खोटं कशाला बोलू!), ग्राफ काढायचा, सही घ्यायची, संपलं. माझं म्हणणं असं की आपल्याला खरंच इंजिनिअर व्हायचं असेल तर ते इंजिन आधी कोणीतरी मुद्दाम बिघडवून ठेवायला हवं. हसू नका, कारण सांगते.

माझं घर खापरखेड्याला. नाव काढलं की लोकांना पॉवर हाऊसच्या चिमण्या आठवतात, १३४० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आठवतं. पण त्या चिमण्या दिसतात अशा वावरांत कापूस, तूर, सोयाबीनही होतं. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मोठ्या बाबांनी एक जुना ट्रॅक्टर घेतला. ३५ हॉर्सपॉवरचा, तीन सिलिंडरचा. नवा कोरा रंग मारलेला, बघताच डोळे दिपावेत असा. पैसे अर्थातच उसने.

आठवड्याभरात रंग उतरला, म्हणजे आमच्या चेहऱ्यावरचा. रस्त्यावर ट्रॅक्टर छान पळायचा, पण कल्टिव्हेटर लावून वावरात घातला की वीसेक मिनिटांत दम तोडायचा. थोडं थांबलं की पुन्हा सुरू! एकाने सांगितलं, डिझेल पंप गेला, नागपूरला नेऊन कॅलिब्रेशन करा. दुसऱ्याने सांगितलं, लोड घेत नाही म्हणजे इंजिनच काम मागतंय. २५ हजार तरी धरून चाला. मृग तोंडावर आलेला. पेरणीच्या वेळी ट्रॅक्टर खोलून पडला तर भाड्याचा आणावा लागणार, तोही वेळेवर मिळेल याचा भरवसा नाही.

आता घरातली "इंजिनिअर" मी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला डिझेल सायकलचा पी-व्ही डायग्राम डोळे मिटून काढता येतो. ट्रॅक्टरसमोर मात्र मी नुसती उभी राहिले. खरंच सांगते, इतकी लाज मला बॅकलॉग लागला तेव्हाही वाटली नव्हती.

शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. मला वाटलं, आल्याआल्या पाना काढेल. त्याने पानाच काढला नाही. चहा घेत नुसते प्रश्न विचारत बसला.

"टाकी भरेल असली का लवकर बंद पडते, का उशिरा?"

मोठे बाबा आठवून म्हणाले, "भरेल असली का लवकर."

"बंद पडल्यावर पयले काय करता?"

"डिझेल हाय का ते पाहतो."

"म्हंजे झाकन उघडता," मिस्त्री म्हणाला आणि हसला.

त्याने टाकी काठोकाठ भरायला लावली आणि ट्रॅक्टर वावरात चालवला. बंद पडल्यावर कोणाला हात लावू दिला नाही. मला म्हणाला, "पोरी, कान लाव." आणि हळूच झाकण फिरवलं. सूंsss! हवा आत शिरली. झाकण उलटं करून पाहिलं तर हवा जायचं बारीक छिद्र रंगाने बुजलेलं! विकताना ट्रॅक्टर चकाचक दिसावा म्हणून मारलेला तोच रंग. माझ्या केसांतल्या पिनेने ते छिद्र मोकळं केलं. ट्रॅक्टर संध्याकाळपर्यंत चालला. खर्च: मिस्त्रीचे १०० रुपये आणि दोन चहा.

रात्री मला झोप लागेना. टाकी भरलेली असली की वर हवेला जागा अगदी कमी. त्यात दोन लिटर हवा असेल आणि एक लिटर डिझेल खर्च झालं, तर तीच हवा तीन लिटरमध्ये पसरणार, दाब एक तृतीयांशाने उतरणार. पंप ओढून ओढून किती ओढेल! अर्धी टाकी रिकामी असली की तेवढ्याच डिझेलने दाबात फारसा फरक पडत नाही. हा तर बॉईलचा नियम! नववीत कॉन्व्हेंटमध्ये घोकून पैकीच्या पैकी मार्क मिळवलेला. पण तो नियम माझ्या डोक्यात इंग्रजी पुस्तकातल्या सिलिंडरमध्ये बंद होता. आमच्या वावरातल्या टाकीपर्यंत तो कधी आलाच नाही.

कोणी म्हणेल, मग कॉलेज सोडून मिस्त्रीच्या हाताखाली जा! तसं नाही. भरलेली टाकी लवकर का बंद पडते हे मिस्त्रीला नीट सांगता आलं नाही, ते मी सांगितलं. पण त्याने तो प्रश्न विचारला नसता तर माझं उत्तर जन्मभर वहीतच राहिलं असतं. दोन्ही लागतात. आपल्याकडे फक्त उत्तराला मार्क आहेत, ही माझी तक्रार आहे.

बिघाड शोधणं म्हणजे अंदाज मारणं नव्हे, एकेक शक्यता काढून टाकणं. आधी फुकटचं तपासायचं, मग स्वस्तातलं, शेवटी महागाचं. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, म्हणून आधी एअर क्लीनर बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. एक सिलिंडर काम करत नसेल तर इंजिन चालू ठेवून नोजलच्या पाइपचा नट एकेक करून सैल करायचा. ज्याच्या वेळी आवाज बदलत नाही, तो चोर. हे त्या मिस्त्रीने मला दोन तासांत शिकवलं. आणि जुना ट्रॅक्टर घेताना इंजिन थंड असतानाच सुरू करून बघा, कल्टिव्हेटर लावून चालवून बघा. रंग बघू नका!

म्हणून माझी सरांना नम्र विनंती आहे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एकदा तरी आम्हाला बिघडलेलं इंजिन द्या. फिल्टर चोंदवा, पाइपमध्ये हवा सोडा, झाकणाचं छिद्र बुजवा. तासभर वेळ द्या आणि मार्क निदानाच्या क्रमाला द्या: कोणता प्रश्न आधी विचारला, पाना कधी उचलला. अर्धे नापास होऊ, मी पण होईन कदाचित. पण ते जर्नल कोणाला सीनियरकडून उतरवता येणार नाही.

निघताना मिस्त्री म्हणाला होता, "आधी इचार, मंग खोल." 'इचार' म्हणजे विचारणं की विचार करणं, हे मी त्याला विचारलं नाही. मला वाटतं, दोन्ही. बघा पटतंय का!